दुबईच्या घराचा हिशोब



गेल्या महिन्यात बस्तीतून दर्शन घेऊन बाहेर पडले, तर चपला घालता घालता तिघीजणींनी घेरलं. "काकू, दुबईत घर घेतलंत म्हणे! आम्हालाही सांगा की सगळं. आमचे हे पण बघतायत." मी नेहमीप्रमाणे हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र वाटलं, का मारून न्यावी? परदेशातल्या घराबद्दल जे लोक बोलतात, त्यातले बहुतेक ते विकणारे असतात. घेतलेल्या बाईनं कधी सांगितलंय का? तेव्हा आज सगळं सांगते. आकडेसुद्धा सांगणार आहे. संकोच वाटतो, पण आकड्यांशिवाय या गोष्टीत अर्थ नाही, हे शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

आधी घर का घेतलं ते. आमची लेक लग्नानंतर दुबईला गेली. जावई चांगले आहेत, नातू गोड आहे. पण तुम्हाला माहीतच आहे, लेकीच्या घरी राहायचं किती? चार दिवस, फार तर आठ. आमच्या आजीच्या वेळी तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. लेक म्हणायची, "आई, दोन महिने राहा की." मी म्हणायचे, "बघू." आणि दहाव्या दिवशी माझी बॅग भरलेली असायची. त्यात ह्यांनी मार्केट यार्डातला हळदीचा गाळा विकून व्यवसाय बंद केला. हातात पैसा आणि हातात वेळ, दोन्ही एकदम आलं. ह्यांच्या मनात आलं, लेकीच्या इमारतीपासून चालत जाता येईल असं आपलंच एक छोटं घर घ्यावं. म्हणजे कुणाला ओझं नको.

घेताना

दुबईत परदेशी माणसाला घर घेता येतं ते ठरावीक भागांतच. त्याला तिथे फ्रीहोल्ड म्हणतात, आणि २००२ पासून ही सोय आहे. त्या भागात घेतलं की मालकीहक्काचा कागद आपल्या नावानं मिळतो. आम्ही तयार इमारतीतलं, एका बेडरूमचं, ६२० चौरस फुटांचं घर बघितलं. किंमत १० लाख दिरहम. त्यावर तिथल्या जमीन खात्याची नोंदणी फी ४ टक्के, म्हणजे ४० हजार. दलालाचे २ टक्के आणि त्यावर व्हॅट मिळून २१ हजार. आपल्या पैशांत साधारण २ कोटी ४० लाख रुपये झाले. आपण जाहिरातीतला आकडा बघतो, तो पहिला असतो. शेवटचा वेगळा असतो.

आता महत्त्वाचं. भारतात राहणाऱ्या एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. आमची रक्कम त्याहून जास्त होती. म्हणून बँकेतल्या साहेबांनी सुचवलं, "वहिनींच्या नावानंही पाठवा, घर दोघांच्या नावानं करा." घरातल्यांनी आपापली मर्यादा एकत्र करून घर घेणं नियमात बसतं. माहेरच्या जमिनीचा वाटा मिळाला होता, त्यात माझ्या ठेवी मोडून ५० लाख झाले. ते माझ्या खात्यातून गेले, बाकीचे ह्यांच्या. मला आठवतंय, बँकेत फॉर्मवर पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या आणि मी फुलीवर सही करत होते. मी बी.कॉम. आहे. घरातला दूधवाल्याचा हिशोबसुद्धा पैशापर्यंत लिहिते. पण त्या दिवशी फुली दिसली की सही केली.

हे ऑगस्ट २०२३ मध्ये झालं. घाई होती, कारण १ ऑक्टोबरपासून अशा रकमेवरचा टीसीएस ५ वरून २० टक्के होणार होता. तेव्हा पहिल्या ७ लाखांवर तो नव्हता. माझे ५० लाख, त्यातले ७ वजा जाता ४३ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २ लाख १५ हजार बँकेनं कापून घेतले. (एप्रिल २०२५ पासून ही सूट १० लाखांपर्यंत झाली आहे.) हा कर वाया जात नाही, विवरणपत्र भरून परत मागता येतो किंवा आपल्या करात वळता होतो. पण तोवर पैसा अडकतो, हे लक्षात ठेवा.

अजून एक गैरसमज. दुबईत घर घेतलं म्हणजे हवं तेव्हा जाता येतं असं नाही. घर वेगळं आणि व्हिसा वेगळा. ठरावीक किमतीच्या घरावर निवासी व्हिसा मिळतो, आणि २० लाख दिरहमच्या घरावर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा. पण साधा निवासी व्हिसा घेऊन सलग सहा महिने बाहेर राहिलं तर तो रद्द होतो. आम्ही वर्षातून दोनदा जाणारी सांगलीची माणसं. आम्ही आपले पर्यटक व्हिसावर गेलो, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे.

जाताना

मुंबईहून दुबई तीन तास. सांगलीहून मुंबईच आठ-नऊ तास. त्यामुळे खरा प्रवास आपल्याच राज्यात होतो. पासष्टीच्या गुडघ्यांना रात्रीची बस आणि पहाटेचं विमान हे गणित दोनदा करून बघितलं. आता मुंबईला नणंदेकडे एक मुक्काम करतो आणि दिवसाचं विमान धरतो.

विमानात जैन जेवण मिळतं, पण ते आधी सांगून ठेवावं लागतं. शिवाय सूर्यास्ताचं बघा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रीभोजन नसलेल्या आपल्यासारख्यांना दुपारचं विमान म्हणजे त्या दिवशी संध्याकाळचं जेवण राहिलंच. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवते आणि विमानातच वेळेत खाऊन घेते.

सामान भरताना खसखस मुळीच नेऊ नका. आपल्या मसाल्यात, अनारशात, लाडूत ती असतेच. पण तिथे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, विमानतळावरच अडवतात. विड्याच्या पानांचंही तेच. मी पहिल्या खेपेला डबा भरून अनारसे घेतले होते. लेकीनं आदल्या दिवशी फोनवर सहज विचारलं म्हणून वाचले, सगळे शेजारी वाटून टाकले. औषधंसुद्धा मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. खोकल्याची, दुखण्याची, झोपेची काही औषधं तिथे नियंत्रित यादीत आहेत, त्यांना आधी परवानगी लागते. डाळ, तांदूळ, गूळ, भाजी यांची चिंता नको. करामा भागातल्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं.

पाण्याचंही अनेकजणी विचारतात. तिथलं नळाचं पाणी समुद्राचं शुद्ध केलेलं असतं. मी दुहेरी फडकं घेऊनच जाते, गाळते आणि उकळते. सवय ती सवय.

कुलूप लावताना

आता जी गोष्ट कुणीच सांगत नाही, ती. परदेशातलं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. बंद घराचं आपण जैनांनी काय करायचं?

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पहिल्यांदा तीन आठवडे राहिलो. येताना मी विचार केला, पुन्हा यायचंच आहे तर डाळ-तांदूळ, रवा, थोडी कणीक डब्यांत भरून ठेवावी. नोव्हेंबरात दार उघडलं तर आधी वास आला. मोऱ्यांच्या जाळ्यांखाली जे पाणी अडून राहतं, ते उन्हाळ्यात आटून जातं. मग गटाराचा वास वर येतो आणि त्याच वाटेनं झुरळंही. भिंतीला एका कोपऱ्यात बुरशी. स्वयंपाकघरात डबे उघडले आणि मी खालीच बसले. तांदळात पोरकिडे, रव्यात जाळ्या, कणकेत अळ्या. एक-दोन नव्हे, शेकडो.

इमारतीच्या देखभालीचा माणूस दारात उभा. "मॅडम, फवारणी करून देतो, दहा मिनिटांचं काम." त्याची काही चूक नव्हती, त्याचं ते कामच. मी नको म्हटलं. पूर्ण दिवस चाळण, परात आणि कागद घेऊन बसले. चार खेपा लिफ्टनं खाली जाऊन बागेच्या कडेला, सावलीत ते सगळं हलक्या हातानं ठेवून आले. लेक मदतीला आली होती. ती काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. माझ्याही मनात तोच होता. हे जीव जन्माला आले कशामुळे? मला पुन्हा यायचं होतं म्हणून. मी नसताना माझं घर चालूच होतं.

त्यानंतरची माझी पद्धत सांगते, म्हणजे तुमच्यावर ती वेळ यायला नको. निघायच्या तीन दिवस आधीपासून धान्य संपवत आणायचं. उरलेलं लेकीकडे किंवा सफाईवाल्या बाईकडे. घरात धान्याचा एक दाणा ठेवायचा नाही, हळद-मसालासुद्धा नाही. फ्रिज रिकामा, कोरडा पुसून, बंद करून दार किलकिलं ठेवायचं. सगळ्या मोऱ्यांत भरपूर पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडायचं, त्यानं पाणी लवकर आटत नाही. जाळ्यांवर प्लास्टिक लावून चिकटपट्टी. एसी पूर्ण बंद करायचा नाही, २५-२६ वर ठेवायचा, नाहीतर दमटपणानं बुरशी धरते. वीजबिल येतं, पण इलाज नाही. पाण्याचा मुख्य नळ मात्र बंद. आणि महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन दार उघडून पाणी ओतलं पाहिजे. आमच्याकडे हे काम लेकीवर आलं. जिच्यावर ओझं नको म्हणून घर घेतलं, तिच्याच गळ्यात एक किल्ली अडकली.

वहीतले आकडे

२०२४ सालचा खर्च मी वहीत लिहिला. इमारतीची देखभाल चौरस फुटाला १६ दिरहम, म्हणजे ९,९२०. थंड हवेच्या यंत्रणेचं वेगळं बिल २,४००. वीज-पाणी १,८००. इंटरनेट ३,६००. एसीची देखभाल ९००. साफसफाई ७८०. एकूण १९,४०० दिरहम. आम्ही राहिलो किती? पहिल्या खेपेला २१ दिवस, दुसऱ्या खेपेला १७. एकूण ३८. भागाकार करा. दिवसाला ५१० दिरहम, म्हणजे पावणेबारा हजार रुपये. विमान-व्हिसा यात नाही, तो तसाही लागलाच असता.

मग बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकलेलं आठवलं, अडकलेल्या पैशाचंही मोल असतं. २ कोटी ४० लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला १६ लाख ८० हजार. तेही ३८ दिवसांवर वाटा. दिवसाला चव्वेचाळीस हजार!

ह्यांना वही दाखवली. हे म्हणाले, "अगं, घराची किंमत वाढतेय ना!" ते खोटं नाही. दर वाढले होते. पण ती वाढ विकणाऱ्याला मिळते, राहणाऱ्याला नाही. आम्ही राहायला घेतलं होतं ना?

मोबाईलवरचा मेसेज

आता खरी गोष्ट.

माझं विवरणपत्र मी स्वतः भरते. ठेवींचं व्याज, थोडा कापलेला कर, सोपा आयटीआर-१. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. जुलै २०२४ मध्येही मीच भरलं, टीसीएसचे २ लाख १५ हजार त्यात मागितले. ऑगस्टमध्ये परतावा खात्यात जमा झाला, त्या दिवशी मी गव्हाची खीर केली होती.

नोव्हेंबरात आयकर खात्याचा मेसेज आला. तुमच्या नावे परदेशात खातं किंवा मालमत्ता असल्याची माहिती आहे, विवरणपत्रात ती दाखवलेली नाही, तपासून घ्या. त्या वर्षी खात्यानं अशी मोहीमच काढली होती, पुष्कळांना असे मेसेज गेले. दुबईच्या बँकेत बिलं भरायला आम्ही दोघांच्या नावे खातं उघडलं होतं, त्यावरून कळलं असणार.

मी आधी म्हटलं, चूक त्यांची. माझं कुठे काय आहे परदेशात? ते घर तर ह्यांचं.

आमचे सीए शांतपणे म्हणाले, "काकू, परतावा तुम्ही मागितलात. मग ज्यासाठी पैसे पाठवले ते घर कुणाचं?"

मैत्रिणींनो, हे नीट वाचा, कारण आपल्यातल्या बऱ्याचजणींच्या सह्या अशाच फुलीवर झालेल्या आहेत. परदेशातल्या घरात किंवा खात्यात तुमचं नाव असेल, तर तुमचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं. आयटीआर-१ चालत नाही. परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो, त्यात ते दाखवावं लागतं, आणि तो तक्ता आर्थिक वर्षाप्रमाणे नाही तर जानेवारी ते डिसेंबर असा असतो. नाही दाखवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. पैसा पांढरा, स्वच्छ, बँकेतून गेलेला असला तरी! "मला माहीत नव्हतं" किंवा "सगळं हे बघतात" हे उत्तर नाही. माझी वेळ बरी, ते पहिलंच वर्ष होतं आणि मुदत संपायच्या आत डिसेंबरात सुधारित विवरणपत्र भरता आलं.

ते भरताना सीएंनी विचारलं, "तुमच्या नावावर इथे घरं किती?" मी म्हटलं, दोन. सांगलीचं राहतं, दोघांच्या नावावर. पुण्याचा फ्लॅट, माझ्या नावावर. ते म्हणाले, "मग दुबईचं तिसरं. कायद्यानं दोनच घरं स्वतःच्या राहण्याची धरतात. तिसरं बंद असलं तरी भाड्यानं दिलंय असं समजून, मानीव भाड्यावर कर लागतो."

दोनच घरं. हे शब्द मी कुठेतरी ऐकले होते. ऐकले नव्हे, लिहिले होते.

दुसरी वही

घरी येऊन देवघराच्या खालचा कप्पा उघडला. २००९ च्या चातुर्मासात आर्यिका माताजी सांगलीत होत्या. तेव्हा आम्ही काहीजणींनी परिग्रह परिमाण घेतलं होतं. छोटी निळी वही. माझंच अक्षर. सोनं इतकं, साड्या इतक्या, भांडी इतकी. आणि सगळ्यात वर, "वास्तू : २."

तेव्हा आमचं एकच घर होतं. दोन लिहिताना वाटलं होतं, केवढी ही मोकळीक! पुण्याचा फ्लॅट झाला आणि मोकळीक भरली. दुबईच्या वेळी वही आठवलीच नाही. आठवली असती तरी, मी स्वतःशी जे म्हटलं असतं तेच सरकारला म्हटलं होतं. ते माझं नाही, ह्यांचं आहे.

दोन महिन्यांपूर्वीच दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकला होता. परिग्रहाच्या अतिचारांत पहिलं नाव क्षेत्र-वास्तूचंच येतं. आणि दिग्व्रताच्या अतिचारांत शेवटचा आहे, घालून घेतलेली मर्यादा विसरून जाणं. मर्यादा मोडणं तर दोष आहेच, विसरणंही दोष आहे. मी तिथे पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

ह्यांना वही दाखवली. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुण्याचा फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाकू. महाराष्ट्रात मुलाला राहतं घर द्यायला मुद्रांक शुल्क जेमतेम २०० रुपये आणि वरचे थोडे अधिभार. झाली की दोन!"

हिशोब बरोबर होता. पण माझ्या मनाला पटेना. किल्ली माझ्याच पदराला राहणार, घरपट्टी आम्हीच भरणार, आणि कागदावर नाव मुलाचं. हेच तर मी आधी केलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. नाव हलवल्यानं मूर्च्छा हलते का?

मी म्हटलं, "जे राहायला लागत नाही, ते सोडू या."

सगळ्यात अवघड होतं लेकीला सांगणं. जानेवारीत गेलो तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती भाजी निवडतच राहिली. मग म्हणाली, "आई, तुला माझ्याकडे राहायचा संकोच वाटत होता. त्या संकोचाचे अडीच कोटी झाले. मी म्हणत होते तेव्हा फुकट राहिली असतीस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

सध्या

घर अजून विकलेलं नाही. मार्च २०२५ पासून एका केरळी कुटुंबाला भाड्यानं दिलं आहे. भाडेकरार तिथे सरकारी नोंदणीत करावा लागतो, त्याला इजारी म्हणतात, आणि भाडं दरमहा नाही तर पुढच्या तारखांच्या तीन-चार चेकनी घेतात. तिथे व्यक्तीच्या भाडे उत्पन्नावर आयकर नाही, पण आपण भारतात राहतो म्हणून ते इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, ३० टक्के वजावट मिळते. विकायचं म्हणून भाडेकरूला निघायला सांगायचं तर १२ महिने आधी नोटरीमार्फत नोटीस द्यावी लागते. ती दिली आहे. बंद घरापेक्षा हे बरं. तिथे आता रोज चूल पेटते, मोऱ्यांत पाणी असतं.

ज्यांच्याकडे असं घर आहे आणि ठेवायचं आहे, त्यांना दोन विनंत्या. तिथल्या मालमत्तेचं इच्छापत्र करा. दुबईत बिगरमुस्लिम व्यक्तींना इंग्रजीत इच्छापत्र नोंदवता येतं. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका, माणूस गेला की मुखत्यारपत्रही संपतं. आणि मालकीहक्काचा कागद, बँक खातं, देखभालीची पावती, सगळ्याची एक यादी मराठीत लिहून देवघराच्या कप्प्यात ठेवा. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. आपल्या वयाला हे सांगावंच लागतं.

यंदा माताजींच्या दर्शनाला गेले होते. सगळं सांगितलं, वहीही पुढे ठेवली. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, ते माझ्यापुरतं. मग त्यांनी एकच विचारलं, "घर विकल्यावर जे पैसे येतील, त्यांची मर्यादा वहीत लिहिली आहे का?"

मी पान उलटून बघितलं. धनाच्या पुढे २००९ मध्ये मी एक आकडा लिहिला होता. तो आता वाचून हसू येईल इतका लहान आहे. ह्यांच्याशी रोज रात्री त्यावर बोलणं चालतं. किती दानाला, किती मुलांना, किती आमच्या औषधपाण्याला. हे एक आकडा सांगतात, मी त्यातून थोडं खोडते, सकाळी हे पुन्हा थोडं वाढवतात. अजून ठरलेलं नाही.

मार्चमध्ये जाणार आहोत, लेकीकडे, महिनाभर. हॉलमधला सोफा उघडला की पलंग होतो. नातवानं आत्तापासून सांगून ठेवलंय, आजी माझ्या खोलीत झोपणार. खसखस नेणार नाही. दशम्या नेईन.

तुमच्याही घरात एखादी जुनी वही असेल, कप्प्यात खाली. आज दुपारी कामं आटोपली की एकदा उघडून बघा. आणि फुलीवर सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचा.

जय जिनेंद्र.